कुलगुरूंची नोंद वगळण्याचा प्रस्ताव मागे न घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
पैनतीर विद्यापीठ, जि. वाशीम

विषय : मा. कुलगुरूंची ज्ञानकोशातील नोंद व माझ्या यजमानांची बदली.
संदर्भ : आपला कालचा फोन.

महोदय,

कुकरची शिट्टी झाली आणि झोपलेली लेक चाळवली, म्हणून काल आपले बोलणे अर्धवट राहिले. आज ती झोपली आहे तोवर उत्तर लेखी देते.

१. मी फावल्या वेळात इंटरनेटवरील मराठी ज्ञानकोशाच्या नोंदी तपासते. मा. कुलगुरू डॉ. दौलतराव यांची नोंद वगळावी, असा प्रस्ताव मीच मांडला. खुर्ची मिळाली म्हणून नोंद होत नाही. खुर्चीत बसून काय केले, ते कुणा परक्या माणसाने लिहिलेले असावे लागते. आपण पुरावे पाठवलेत, ते म्हणजे वाढदिवसाच्या पानभर जाहिराती, विद्यापीठानेच दिलेल्या. शिवाय 'शिक्षणतपस्वी' पुरस्कार. तो देणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. स्वतःची शाल स्वतःला कशी पांघरली, तेवढे फोटोत दिसत नाही.

२. नोंद ठेवावी की नाही, यावर ज्ञानकोशात चर्चा होते, मतदान नव्हे. तरी आपल्या कर्मचाऱ्यांनी ओळीने लिहिले, "मा. कुलसचिवांच्या तोंडी आदेशान्वये नोंद ठेवावी." एकाने तर खाली जावक क्रमांकही टाकला. माझे यजमान हरीओम आपल्या रिसोड केंद्रात लिपिक आहेत. त्यांनीही तेच लिहिले, माझ्या शेजारी बसून. म्हणाले, "तू तुह्यं लिही, मले माह्यं लिहू दे. नोकरी मले करा लागते." मी रागावले नाही. चहा टाकला.

३. प्रस्ताव मागे घ्या, नाहीतर हरीओमला धनज केंद्रावर टाकतो, असे आपण म्हणालात. रिठदहून तिथे रोज जाणे-येणे जमणारे नाही. बाबाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय लेकीला झोप लागत नाही. हे दयेसाठी सांगत नाही. आपण काय करत आहात ते आपल्याला माहीत असावे म्हणून सांगते. एका लिपिकाची बदली करून ज्यांचे मोठेपण टिकवावे लागते, ते मोठे नाहीत. प्रस्ताव मी मागे घेत नाही.

४. विनंती एकच. बदली करायचीच असेल तर आदेशात खरे कारण लिहावे. मा. कुलगुरूंच्या कारकिर्दीत काही घडल्याचा तो पहिला लेखी पुरावा ठरेल.

आणखी लिहायचे होते, पण लेक वैष्णवी उठली आहे. घरातले बोलणे तिच्या कानावर गेलेले दिसते. मांडीत येऊन विचारते आहे, "आई, तू थ्या मानसाचं नाव खोडून राह्यली, म्हून बाबा आपल्याले सोडून चालले काय?"

आपली, तरीही नम्र,
सौ. रूपाली हरीओम खानझोडे
रिठद, ता. रिसोड
दि. १२ ऑगस्ट २०२४