घ्यायचं नाही त्यावरही टिचकी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. बसल्या जागी "साष्टांग" लिहिणं मला खोटं वाटतं.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू मनातल्या मनात करतेस असं आई म्हणते. तसं असेल तर गुडघाही मनातल्या मनातच बरा होईल, एवढं लक्षात ठेव. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहिणार होते, पण त्याआधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

मी लिहिलं होतं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी एक एक्स्टेंशन बसवून घेतलंय, त्याने जाहिराती बंद होतात आणि आपण काय बघतो ते आता कोणालाही कळत नाही. या वाक्यात "बसवून घेतलंय" एवढंच खरं आहे. जाहिराती बंद होत नाहीत. हे एक्स्टेंशन (म्हणजे आपण ज्यातून इंटरनेट बघतो त्या ब्राउझरला जोडलेलं एक जादाचं शेपूट) त्या जाहिराती आपल्याला दिसू देत नाही, पण मागच्या मागे आपल्या वतीने त्यातल्या प्रत्येकीवर टिचकी मारत सुटतं. हेतू असा की जाहिरातवाल्यांना वाटावं, या बाईला सगळंच आवडतं; आणि जिला सगळंच आवडतं तिला नेमकं काय हवंय ते कोण ओळखणार? मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. ज्याने बसवून दिलं त्यालाही वाटली. तो आमच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याला सगळे "तज्ज्ञ" म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता तो स्वतःच बिलावर तसं छापतो.

हा खटाटोप कशासाठी, ते तुला एकटीला ठाऊक आहे. त्या दूरच्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयाने मला जुन्या कागदांच्या दुरुस्तीच्या कामावर बोलावलंय, आणि मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. सांगू कशी? बाइंडिंगला पुस्तक घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माझ्याकडे हात करून "माझ्यानंतर हीच" म्हणतात. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी विचारूनही ठेवलंय, की नावापुढे "आणि कन्या" हे शब्द केवढ्या अक्षरांत बसतील. अशा माणसासमोर, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, मी त्या शहरात एकटीसाठी खोली शोधली. (त्यांच्या पाठीमागे शोधली. "समोर" हा शब्द चुकला.) दुसऱ्या दिवशी बाबा पुठ्ठ्यांचे दर बघायला बसले तर चहूकडून खोल्याच खोल्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एकट्या मुलीला खोली हवी आहे का, हे मला का विचारतायत?" मी म्हटलं, चुकून विचारत असतील. तर म्हणाले, "चुकून माणूस एकदा विचारतो. हे सकाळपासून विचारतायत."

म्हणून तज्ज्ञ, म्हणून एक्स्टेंशन. दुकानातला पडदा लगेच सारवल्यासारखा स्वच्छ झाला आणि मी तुला ते विजयाचं पत्र लिहून टाकलं. माझ्या ध्यानात आलं नाही ते एवढंच, की बाबांच्या फोनवर आणि दुकानात खातं एकच आहे, आणि त्यांच्या फोनवर हे शेपूट नाही. दुकानात ज्यांच्या ज्यांच्या दारावर टिचकी पडली, ते ते सगळे फोनवर बाबांना भेटायला आले. केसांचे टोप आले, माती उपसणारी यंत्रं आली, होड्यांचे विमे आले. लग्नाची सभागृहं आली. बाळाचे पाळणे आले. आणि खोल्या तर होत्याच, कारण प्रत्येक जाहिरातीवर टिचकी म्हणजे खोलीच्याही जाहिरातीवर टिचकी, हे मला किंवा तज्ज्ञाला सुचलंच नव्हतं.

आता तुझा भाऊ तुला माहीतच आहे. छापलेलं काहीही त्याला शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नाही, आणि छापणाऱ्याने ते उगाच छापलं असेल यावर त्याचा विश्वास नाही. टोप आणि होड्या त्याने बाजूला ठेवल्या. सभागृह, पाळणा आणि परगावी खोली एवढ्या तिघांची मात्र बेरीज केली. परवा मी मटार सोलत होते, तर आई शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "माणसं समजूतदार आहेत ना गं?" मी विचारलं, कुठली माणसं? तर म्हणे, "असू दे. तुला वाटेल तेव्हा सांग. आम्ही काही जुन्या वळणाचे नाही." असं म्हणून तिने माझ्या वाटणीचे मटारही सोलले. त्याच दिवशी तज्ज्ञ प्रिंटरची वायर द्यायला आला, तर बाबांनी त्याला खुर्ची दिली. (गेली कित्येक वर्षं तो दारातच उभा राहून बोलतो.) घरी कोणकोण असतं, विचारलं. तो म्हणाला, मांजर. स्वयंपाक कोण करतं? तो म्हणाला, कोणीच नाही. बाबांचा चेहरा इतका पडला की बिचाऱ्याने वायरीचे पैसेच घेतले नाहीत.

इथवर मी हसत होते, तूही हसत असशील. पण मग समोरचे गादीवाले काका येऊन बसले. त्यांनी नुकतीच इंटरनेटवर जाहिरात द्यायला सुरुवात केली आहे आणि दर टिचकीमागे त्यांना पैसे भरावे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणत होते, "आपल्याच भागातलं कोणीतरी आहे हो. सकाळ नाही, दुपार नाही, माझ्या गाद्या बघतंय. कापसाची बघतंय, स्पंजची बघतंय, पाठदुखीची बघतंय. आणि दुकानात चिटपाखरू नाही!" बाबा खळीचा ब्रश खाली ठेवून म्हणाले, "घ्यायचं नाही आणि नुसतं उलगडून बघायचं. काय घरचं वळण असेल अशा लोकांचं!"

आत्या, ते वळण तुम्ही दोघांनीच लावलेलं आहे. शाळेत घालण्याआधी याच कापायच्या टेबलावर बसवून बाबांनी मला उरलेल्या कागदांवर अक्षरं शिकवली, तू पुठ्ठे मोजायला लावून पाढे शिकवलेस, आणि दोघांनी मिळून हे शिकवलंत की घ्यायचं नसेल तर दुकानदाराला घडी मोडायला लावायची नाही. रिबिनीचा दुसरा रंग मी नुसता बघायला मागितला, तेव्हा तू मला काखोटीला मारून दुकानाबाहेर आणलं होतंस. मी अजूनही भाव विचारला की वस्तू घेऊनच येते, आमच्याकडे तीन चाळण्या आहेत त्या त्यामुळेच. आणि तीच मी, कधीपासून गावभरच्या दुकानदारांच्या घड्या मोडत बसले आहे, तेही डोळे मिटून. म्हणून त्याच संध्याकाळी जाऊन मी काकांकडे एक गादी सांगितली. मला लागणारच होती. काकांनी अर्थात ते बाबांना सांगितलं. रात्री जेवताना बाबा आईला हळू आवाजात (म्हणजे मला नीट ऐकू येईल अशा) म्हणाले, "लग्न आहे, पाळणा आहे, आणि गादी एकाच माणसाची? कसला मुलगा शोधलाय हिने?"

तर तू विचारलं होतंस, याने खरंच खाजगीपण राखलं जातं का. आता माझं मत पक्कं आहे: नाही. घरातली कुजबुज लपवायला कोणी थाळ्या बडवत बसलं, तर कुजबुज ऐकू जात नाही हे खरं, पण या घरात काहीतरी लपवलं जातंय हे सगळ्या गल्लीला कळतं. सगळ्यावर टिचकी मारणारं गिऱ्हाईक लाखात एक असतं, म्हणजे ओळखायला उलट सोपं. शिवाय खोली मी शोधली ती इंटरनेटवर हवं ते शोधून देणाऱ्या कंपनीला सरळ विचारूनच. जिच्या कानात सांगितलं तिच्यापासून ते लपवायचं कसं? आवडीनिवडीचा थोडा गोंधळ उडतो, तेवढं श्रेय मी या शेपटाला देते. पण ज्याला जाहिराती नको असतील त्याने त्या नुसत्या अडवाव्यात. तशी साधनं फुकट मिळतात आणि ती परक्या दारांच्या घंटा वाजवत फिरत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला जाहिरातवाल्यांपासून काही लपवायचंच नव्हतं. त्यांना कळलं तर ते खोली दाखवतात. बाबांना कळलं तर ते गप्प बसतात.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याचे व्यायाम उघडपणे करावेस ही विनंती.

तुझी,
भाची

ता. क. एक्स्टेंशन अजून काढलेलं नाही. एक दिवस बंद ठेवून पाहिलं, तर बाबांच्या फोनवरचे टोप, होड्या, पाळणे सगळे निघून गेले आणि तिथेही, दुकानातही नुसत्या खोल्या उरल्या. परत चालू केलं. तत्त्वतः मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. गादीवाल्या काकांची जाहिरात मात्र त्यातून वगळायला लावली आहे.

आणखी ता. क. हे पत्र खरं तर तू इकडे यावंस म्हणून लिहिलंय. माझ्या वतीने काही बोलू नकोस. सांगायचं ते मीच सांगेन, लग्न नाही इथपासून "आणि कन्या" रंगवू नका इथपर्यंत. तू फक्त टेबलाशी बस. तुझ्यासमोर बाबांना गप्प बसता येत नाही, ते निदान चिडतात तरी, आणि चिडलेल्या बाबांशी मला बोलता येतं.

शेवटचं ता. क. वस्तुसंग्रहालयाला होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे. म्हणून मी बाबांना येत्या रविवारी, चौदा तारखेला, सकाळचा चहा झाला की सांगणार आहे. तू आलीस तरी, आणि नाही आलीस तरी.