ओळखीतून आलेलं काम

आई,

तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. देश बदलला की तो निवेल असं वाटलं होतं. नाही निवला. इथे ॲमस्टरडॅममध्ये, बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी पडदे शिवते आणि मशीनवर बसले की मनातल्या मनात तुझ्याशी भांडते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. इथल्या खिडक्या भिंतीएवढ्या. डच लोक पडदे उघडे टाकून खुशाल जेवतात, बाहेरून आलेल्यांना ते जमत नाही. म्हणून हा धंदा.

तू विम्याची एजंट होतीस. चिंचवडमध्ये तुला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि बारसं असो की मुंज, तुझ्या पर्समध्ये फॉर्म असायचेच. मी सहावीत असताना आमच्या वर्गाच्या बाईंचे यजमान गेले. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला चांगला फ्रॉक घालून त्यांच्याकडे नेतेस. बाई बोलत राहतात, आजार कसा कळला, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, शेवटचे दोन दिवस कसे गेले. तू तासभर ऐकतेस. मग पदर सावरून म्हणतेस, "बाई, आता मुलांकडे बघायचं. त्यांनी काही करून ठेवलं होतं का?" आणि फॉर्म काढतेस. बाईंनी सही केली. सही करताना त्यांनी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर वर्षभर त्यांनी मला वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. रस्त्यात मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "ओळख काय बरणीत घालून ठेवायची असते? वापरली नाही तर नासते."

त्या दिवशी मी ठरवलं की तुझ्यासारखं व्हायचं नाही. ते पाळलंही. त्याचा परिणाम असा की पहिल्या वर्षात माझ्याकडे तीन गिऱ्हाइकं आली, तीही नवऱ्याच्या ऑफिसातली. शेवटी मी गाडीने शेजारच्या युट्रेख्ट शहरात जायला लागले. तिथे छोटे व्यावसायिक महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतात, हातात ग्लास घेऊन उभ्याउभ्या बोलतात. त्याला नेटवर्किंग म्हणतात. तुला हा शब्द फार आवडला असता, म्हणून मला तो आवडत नाही. मी आपली भिंतीला टेकून उभी राहायचे आणि समोर येईल त्याच्या हातात कार्ड द्यायचे. चार महिन्यांत एकही फोन आला नाही. खुर्च्यांना नवीन कापड चढवून देणारी एक डच बाई तिथे यायची. एकदा ती सरळ म्हणाली, "तू कार्ड देतेस आणि पळून जातेस. समोरच्याला काय हवंय, ते विचारत का नाहीस?"

"विचारलं की मागितल्यासारखं होतं," मी म्हणाले.

"मग माग ना. धंदा करतेस ना?"

परतीच्या गाडीत मला तिचा राग आला. मग कळलं की तो तिचा नाहीच, तुझा आहे.

पुढच्याच महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी बाई गेली. दोन वर्षं जिन्यात भेटायची, माझ्या मोडक्या डचला हसायची नाही. तिची मुलगी घर रिकामं करायला आली होती. मी मुगाचं कढण घेऊन खाली गेले. ती शिडीवर चढून आईचे पडदे उतरवत होती. मी खालून पडद्याचं टोक धरलं, दोघींनी मिळून घडी घातली. बोलता बोलता ती म्हणाली, परदेशातून नोकरीसाठी येणाऱ्यांना घरं शोधून देणाऱ्या कंपनीत ती काम करते. आणि मी, घडी हातात तशीच धरून, म्हणाले, "त्या लोकांना पडदे लागत असतील. कोण शिवून देतं?" बोलून खिशातून कार्ड काढलं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंनी पाहिलं होतं तसंच. पण कार्ड घेतलं. तीन आठवड्यांनी तिच्या ऑफिसातून पहिला फोन आला, आणि आता मला हाताखाली एक बाई ठेवावी लागली आहे. युट्रेख्टच्या त्या खुर्च्यावाल्या बाईने विचारलं, "कुठे शिकलीस हे?" मी तिला म्हटलं, "तुझ्याकडून." तुझं नाव मी घेतलं नाही, आई, आणि घेणारही नाही. माझं काम चाललं म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. एका अकरा वर्षांच्या मुलीला तू सोबत न्यायला नको होतंस. एकटी गेली असतीस तरी बाईंनी सही केलीच असती.

हे पत्र मशीनच्या खणात राहील. तू असतीस तरी मी ते पोस्टात टाकलं नसतं, कारण वाचून तू फक्त किती घरं मिळाली एवढंच विचारलं असतंस. पण एक गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. कार्ड मी घरातून निघतानाच खिशात टाकलं होतं. आणि ती म्हातारी कशाने गेली, एवढंसुद्धा मी तिच्या मुलीला अजून विचारलेलं नाही.