शेवरटाकळीच्या दोरीवरची पिवळी साडी

प्रिय अहो,

नावाने हाक मार, असं तुम्ही लग्नानंतर आठवडाभरातच सांगितलं होतं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला ते जड जायला नको होतं. पण मी ‘अहो’च म्हणत राहिले आणि आता बदलायचा माझा विचार नाही.

लिहायचं कारण असं, की येत्या रविवारी लातूरहून कांबळे टेम्पो घेऊन येणार आहेत, वरच्या खोलीतलं तुमचं स्टेशन न्यायला. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. एवढे दिवस लोक येऊन तुमचे गुण सांगत होते आणि मी मान हलवत होते. ते स्टेशन घराबाहेर पडण्याआधी मला तुमच्याशी नीट भांडायचं आहे.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मला वाटलं होतं, आता माणूस घरात दिसेल. दिसलात कुठे? आठ फूट बाय चार फुटांचं प्लायवूड वर चढलं आणि त्याच्या मागे तुम्ही. मुदखेडच्या पुढे त्या छोट्या लाइनवर शेवरटाकळीला तुम्ही तीन वर्षं स्टेशनमास्तर होतात. तेच स्टेशन जसंच्या तसं, खेळण्याएवढं, उभं करायचं तुमच्या डोक्यात बसलं. इंजिन, डबे आणि रूळ तेवढे बाहेरून मागवलेले. बाकी सगळं माझ्या घरातून गेलं.

माझी मैद्याची चाळणी रुळांखालची खडी चाळायला गेली. दारातलं काथ्याचं पायपुसणं दिवसेंदिवस टकलं होत गेलं, कारण त्याचे केस उपटून तुम्ही कापलेल्या ज्वारीच्या धसकटांचा पट्टा लावत होतात. स्पंजाचे तुकडे माझ्या मिक्सरमध्ये फिरवून, हिरव्या रंगात बुडवून कडुलिंबाची पानं केलीत. त्यानंतर महिनाभर चटणीला स्पंजाचा वास येत होता आणि तुम्ही शपथेवर सांगत होतात की मिक्सरला हातच लावला नाही. तेव्हापासून माझा तुमच्यावर विश्वास नव्हता, हे आज सांगून टाकते.

महिन्यातून एकदा कांबळे यायचे. शेवरटाकळीचे तुमचे पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे; आता लातूरला मुलाकडे राहतात. पिशवी घेऊन यायचे, पिशवी घेऊन जायचे. वरचं दार आतून बंद. दोन म्हातारे बंद दाराआड चार-चार तास काय करतात? मी चहा घेऊन वर आले की बोलणं थांबायचं. मी छत्तीस वर्षं वर्ग सांभाळले आहेत. मी आत आल्यावर थांबणारी कुजबुज कसली असते, ते मला कुणी शिकवायला नको.

एकदा मात्र तुमची फजिती मी डोळ्यांनी पाहिली. कांबळ्यांनी शेवरटाकळीची खरी काळी माती आणली, तीन पिशव्या. तुम्ही ती माझ्या ओव्हनमध्ये भाजलीत, किडे मरावेत म्हणून. गोंदाचं पाणी घालून रुळांखाली, रुळांभोवती थापलीत. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. तुम्ही दोघांनी तर त्या मातीवर लाइन सांभाळली होती. तिसऱ्या दिवशी रूळ वाकडे आणि तुमचं परदेशी इंजिन आडवं.

“साहेब, लाइन उचलली की हो,” कांबळे म्हणाले.

“गँगमन बोलवा,” तुम्ही म्हणालात, आणि दोघंही पोट धरून हसलात.

मग रुळांखाली प्लॅस्टर गेलं आणि शेतात मातीचा पातळ थर. ती ट्रे-ट्रेने गच्चीवर उन्हात ठेवलीत, भेगा पडाव्यात म्हणून. भेगा बारीक पडल्या की पुन्हा कालवायची, पुन्हा वाळवायची. अकरा वेळा. मी म्हटलं, एवढं काय आहे त्या भेगांत? तुम्ही म्हणालात, “मे महिना तसाच दिसतो.” मी ते ऐकलं आणि खाली आले. तिथेच मी चुकले. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या महिन्यात कांबळे आले आणि पायरीवर उभ्या-उभ्याच म्हणाले, “वहिनी, टेसन लातूरला न्यायचं म्हणतो. साहेबानं शब्द दिल्ता.”

“लेखी आहे का?”

“आता शब्द लेखी असतो का, वहिनी?”

मी त्यांना चहा दिला आणि निर्णय दिला नाही. काय आहे त्या स्टेशनात, जे ह्यांना एवढं हवं आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं भिंग घेतलं, खुर्ची ओढली आणि तपासायला बसले. पेपर तपासतात तसं, पहिल्या ओळीपासून.

काम उत्तम आहे, ते मान्य करते. पाण्याच्या टाकीखाली ओल आहे आणि ओलीत शेवाळ. फलाटाच्या कडेचा चुना जिथे पाय पडतात तिथे पुसलेला आहे. गाडी आलेली आहे. बोटाच्या पेराएवढी माणसं उतरत आहेत: एक म्हातारा पोतं घेऊन, एक बाई काखेत कोंबडी घेऊन. शेळी आहे. तुमचं ते खरजुलं कुत्रंसुद्धा आहे. बाकावर कांबळे बसलेले आहेत. आणि टोपी घालून तुम्ही आहात.

आता स्टेशनमास्तर गाडी आल्यावर कुठे बघतो? गार्डकडे किंवा इंजिनाकडे. तुम्ही डब्यांच्या दारांकडे बघताय. मान जरा वर केलेली. ड्यूटीवरचा माणूस दारांकडे का बघतो? कुणाची वाट बघतो?

भिंग पुढे सरकवलं. तुमच्या क्वार्टरच्या मागे, लिंबाला बांधलेली दोरी. दोरीवर पिवळी साडी.

माझ्याकडे पिवळी साडी कधीच नव्हती. मला तो रंग सोसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. सगळं स्टेशन पुन्हा शोधलं, खिडक्यांतून आत पाहिलं. मी कुठेच नव्हते. जो माणूस खरजुलं कुत्रं विसरला नाही, तो बायकोला विसरला?

कांबळे पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना सरळ वर नेलं आणि बोट ठेवलं. “ही साडी कुणाची?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. “आमच्या दुर्पदाची हाय की! बघा, साहेबानं काठबी सोडला न्हाई.”

“तुमच्या बायकोची साडी माझ्या नवऱ्याच्या क्वार्टरमागे काय करते?”

“वाळून राहिली, वहिनी.” मग माझा चेहरा बघून ते जरा सरळ झाले. “क्वार्टर दोन हुते, मधी भिंत एक. दोरी एकच. आता धुणं काय सिग्नलला टाकायचं? आन साहेबाला भाकरी तिच्याच चुलीवरची जायची तीन वरसं. तिनं ह्ये टेसन बघितलंच न्हाई अजून. गुडघे गेले तिचे, जिना चढत न्हाई. म्हणून नेतो म्हणलं.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसण्याची सवय मला कधी होती? म्हटलं, “सगळे आहेत. तुम्ही आहात, तुमच्या बायकोची साडी आहे, शेळी आहे. मी कुठे आहे?”

कांबळे शेतावर वाकले. मग भेगांवर हलकेच बोट ठेवून म्हणाले, “ह्यो मे हाय, वहिनी. तुम्ही दिवाळीला आल्ता. दोन रात्री. तवा ज्वारी हिरवी हुती.”

“मग?”

“मग काय. मे महिन्यात तुमच्या शाळंला सुटी. साहेब रोज दुपारच्या गाडीला टोपी घालून फलाटावर. एऱ्हवी त्या गाडीला मीच जायचो झेंडी घेऊन. मे महिन्यात मला म्हणायचे, कांबळे, तू बस, मी बघतो.”

ते जिना उतरून गेले तरी मी तिथेच बसून होते.

तीन मे महिने. तीन पत्रं आली होती तुमची, दर एप्रिलमध्ये एक. ‘सुटीत इकडे ये. खोली धुऊन घेतली आहे.’ मी काय उत्तर दिलं होतं? पहिल्या वर्षी पेपर तपासायला आलेत. दुसऱ्या वर्षी हैदराबादला आईकडे जाते. तिसऱ्या वर्षी बहुतेक उत्तरच दिलं नाही. खरं कारण तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. तिथे विंचू होते, बोलायला माणूस नव्हतं आणि माझ्या शाळेच्या सिस्टर म्हणायच्या तसं, मी काही खेड्यात सडायला शिकले नव्हते. हे वाक्य मी तुम्हाला ऐकवलंही होतं. तुम्ही ते कधी परत काढलं नाही.

का काढलं नाही? ही माझी तुमच्याविरुद्धची खरी तक्रार आहे. शेवरटाकळीनंतर आपण इतकी वर्षं एका घरात काढली. मी तुम्हाला हळदीपासून हिशेबापर्यंत सगळ्यावरून बोलले. तुम्ही एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतं, ‘तू आली नाहीस.’ मी भांडले असते, रडले असते, आणि ते संपलं असतं. त्याऐवजी तुम्ही अकरा वेळा माती वाळवत बसलात आणि मला खाली चटणीच्या वासावरून भांडू दिलंत. ह्याला सहनशीलता म्हणतात, असं लोक मला सांगायला येतात. मला शंका आहे. मला वाटतं, तुम्हाला ते भांडण नकोच होतं, कारण त्यात तुम्ही जिंकला असतात आणि जिंकायची तुम्हाला सवय नव्हती.

एक कबुली देते. कांबळे गेल्यावर मी तुमच्या डब्यातली तार आणि माती घेऊन एक बाई केली. चष्मा जमला नाही, पण हातात बॅग जमली. निळी साडी रंगवली. दुसऱ्या डब्याच्या पायरीवर ठेवून गोंदाचा थेंब टाकला. तुम्ही नेमके तिच्याकडे बघत होतात. दोन दिवस रोज वर जाऊन बघत होते. फार छान दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी चिमट्याने उचलून काढली. तुम्ही पुसलेला चुना खोटा दाखवला नाहीत, शेवाळ खोटं लावलं नाहीत. मी त्या गाडीने आले नव्हते. पायरीवर गोंदाचा बारीक डाग राहिला आहे, तो घासूनही जात नाही. क्षमा असावी.

तर ऐका. स्टेशन लातूरला जाईल. कांबळ्यांवर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही. वाटेत लोहा गावाच्या पुढे टेम्पो आदळला तर लिंबाची पानं गळतील आणि हे गृहस्थ ती कसल्या तरी भलत्याच गोंदाने चिकटवतील. म्हणून मी टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसणार आहे. कांबळ्यांना फोनवर कळवलं, तर म्हणाले, “या की वहिनी, किती दिस ऱ्हाता?” मी म्हटलं, महिना. मग दुर्पदाबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “खोली धुऊन ठिवते.”

परवा रविवार, एक तारीख. बॅग भरली आहे. ह्या मे महिन्यात मी तुमच्या स्टेशनावर पूर्ण सुटीभर राहीन, रोज दुपारी तुमची गाडी सोडीन आणि दुर्पदाबाईंकडून तीन वर्षांचं सगळं विचारून घेईन. त्यांनी काही लपवलं तर माझ्या लक्षात येईल. हे वचन समजा. यावेळी पेपरांचं कारण नाही.

तुमची,
कुमुद