पेट्रोलविना १९४ दिवस

अंबाडी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. मेघाली,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. मी ठीक आहे. नाशिकला थंडी असेल. आईच्या उजव्या पायात मोजा घालत जा. त्या बाजूला गार लागलेलं तिला कळत नाही.

फोनवर तू म्हणालीस, "त्या शुक्रवारी काय झालं ते लिहून पाठवा. मी आईला वाचून दाखवते. घरी यायचं की नाही, ती ठरवेल." बापाला परीक्षेला बसवतेस, बसव. तुळजा घरी यावी एवढंच मला हवं आहे, म्हणून लिहितो. पण आधी तुझ्या चुका.

बाबांनी आईला दोन तास रस्त्यात ठेवलं, असं तू सगळ्यांना सांगतेस. खोटं. ५ डिसेंबरला दुपारी २.१० ला घरून निघालो, ३.४८ ला भिवंडीत हॉस्पिटलच्या दारात. एक तास अडतीस मिनिटं. ग्रॅज्युएट आहेस, वजाबाकी यायला हवी.

दुसरं, तुझा नवरा म्हणतो गाडीच खराब होती. भाविकला गाडीतलं काय कळतं? प्लग-इन हायब्रिड आहे ती. घरी प्लग लावून चार्ज करायची, बॅटरी संपली तर इंजिन पेट्रोलवर चालतं. दहावी नापास माणसाने डिक्शनरी घेऊन तिचं तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक वाचलं आहे. तुमच्यापैकी कोणी दहा पानं वाचली?

बॅटरीवर पन्नास किलोमीटर. घर ते वडप्याचं गोडाऊन आणि परत, तेवढ्यात बसतं. मग पेट्रोल लागतंच कशाला? गोडाऊनमध्ये 'अपघाताविना दिवस' असा बोर्ड असतो, तसा मी ओटीवर लावला. पेट्रोलविना दिवस. रोज सकाळी आकडा बदलायचा. गावातले लोक थांबून वाचायचे. दिवाळीला भाविक सगळ्यांसमोर हसला होता, "मामा, पेट्रोल भरायचंच नाय तर टाकी कापून टाका, पाणी तापवायला होईल." त्या दिवशी १५२ होता. मी मनात म्हटलं, तुला दोनशे दाखवतो.

त्यासाठी मे महिन्यात एसी लावू दिला नाही, हे खरं आहे. चढावर तुझ्या आजीला उतरवून चालवलं, हेही खरं. ऐंशी वर्षांची बाई चढ चालली, काही झालं नाही.

तर शुक्रवार. सकाळपासून लाइट नव्हती. ड्युटीवरून आलो, प्लग लावला, उपयोग शून्य. जेवताना तुळजाच्या हातातून पेला पडला, तोंड वाकडं झालं. शेजारचा भरत धावत आला. "काका, माझी गाडी दारात उभी हाय, काकीला उचला." मी म्हटलं, "आमच्याकडे गाडी आहे." तो म्हणाला, "तुमची चार्ज हाय का?" त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तू मला शिकवू नकोस."

चार्ज अकरा किलोमीटरचा होता. हॉस्पिटल तेवीस. मी तिशीच्या वर गेलो नाही, ब्रेक कमी मारले. अकराचे तेरा काढले. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

हे लिहून वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. परत उचललं आहे.

बाकीचं तू विचारलेलं नाहीस, कारण तुला माहीत नाही. त्याआधीच्या बुधवारी मी गोडाऊनच्या बसने गेलो होतो. तुझी आई एकटी गाडी घेऊन पंपावर गेली आणि पाच लिटर पेट्रोल भरून आली. मला सांगितलं नाही. संध्याकाळी रिकाम्या टाकीचा काटा वर दिसला. बोर्ड पुसून शून्य करावा लागला असता. गुरुवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी मागची सीट उचलली, खालच्या फ्यूएल पंपाची नळी सोडवली आणि पाचही लिटर कॅनमध्ये काढलं. त्यात जुनी बेअरिंग धुतली. उरलेलं वाडीच्या गवतावर ओतलं. मग बोर्डावर १९४ लिहिलं.

तिला मी काहीच बोललो नाही. माझ्या घरात माझ्या मागे काही करता येत नाही, हे तिला एक दिवस आपोआप कळेल, असा विचार केला होता.

गाडी थांबली तेव्हा तुळजा बोलत होती. शब्द जड येत होते, पण मला नीट ऐकू आलं. म्हणाली, "अहो, घाबरू नका. पेट्रोल हाय. मी भरलंय."

मी "हो" म्हणालो आणि बॉनेट उघडलं. वीस मिनिटं फ्यूज तपासल्याचं सोंग केलं. टाकीत थेंब नाही हे मला माहीत होतं. भरतला फोन लावला असता तर तो दहा मिनिटांत आला असता. लावला नाही. शेवटी एक टेम्पोवाला स्वतःहून थांबला. बॉनेट पाडलं तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी हवं होतं.

त्यानंतर ती एक शब्द बोललेली नाही. गाडीनेच दगा दिला असं तिला अजून वाटतं. मागच्या महिन्यात मी आलो, तेव्हा डाव्या हाताने माझी पाठ थोपटत होती. तू पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. मी थोपटू दिलं.

हे पान तिला सगळं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस, मऊ करू नकोस. वाचून झाल्यावर तिने मान कशी हलवली, की हलवलीच नाही, ते नीट बघून लिही. अंदाजाने लिहू नकोस.

तिचं उत्तर येईपर्यंत खाली 'तुझे बाबा' लिहीत नाही.

हरेश