भाषेच्या जागेचे पेढे

आई, तुझ्या पणतीनं काल मुलाखत दिली, आणि ती कंपनीत नाही, विद्यापीठात. जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा मी लसूण सोलत होते. तिनं वाचून दाखवली. एक जागा डेटा सायन्सची, म्हणजे माहितीच्या ढिगातून कामाचं तेवढं शोधायचं. एक दवाखान्यांची माहिती कॉम्प्युटरवर कशी ठेवायची ते शिकवायची. आमच्या काळेवाडीत हे काम शेजारणीच करतात, कुणाची शुगर वाढली ते सगळ्या जिन्याला ठाऊक. आणि एक परराज्यातल्या पोरांना मराठी शिकवायची. पोरगी कॉम्प्युटरही शिकलीय आणि मराठीही, पण डेटाची आणि भाषेची मुलाखत एकाच वेळेला, म्हणजे एकीवर पाणी सोडायचं. तुझा नातू चाकणहून शिफ्ट करून आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "डेटाला जा. मराठी शिकवून कुणाचं भलं झालंय?"

"पप्पा, ते मला जमतं. हे मला आवडतं."

"आवडतं म्हणे. मी काय आवडतं म्हणून वेल्डिंग करतोय का?"

शेवटी ती भाषेच्याच मुलाखतीला गेली. मला तुझी आकुर्डीची खानावळ आठवत राहिली. तू चुलीपुढे, मी पोळ्या लाटतेय, आणि पंगतीला कंपनीतली परमुलखातली पोरं. कुणी "और एक" म्हटलं की तू पोळी हातातच धरून ठेवतेस. "मावशी, अजून एक वाढा, असं म्हण." मी म्हणते, अगं, भुकेल्याला कशाला छळतेस? तर तू म्हणतेस, "उद्या बाजारात मी असणार आहे का वाढायला? मागता आलं पाहिजे त्याला." हे मी पोरीला लहानपणापासून सांगत आलेय. काल साहेब लोक तिला म्हणाले, आम्हाला मराठी येत नाही असं समजा आणि शिकवा. तिनं पिशवीतून माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला आणि झाकणावर हात ठेवून बसली. एका सरांनी इंग्रजीत मागितला, मिळाला नाही. नुसतं "लाडू" म्हणाले, तरी नाही. "मला एक लाडू द्या" म्हणाले तेव्हा मिळाला, आणि दुसरा त्यांनी न शिकवता मागितला.

तिनं फोनवर एवढं सांगितलं आणि मी पदर खोचून मिठाईच्या दुकानात गेले. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर पेढे पोचले. लेकानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "निकाल लागला?" निकाल पुढच्या आठवड्यात आहे. "आई, धन्य आहे तुझी," म्हणाला, पण हसत होता.

जागा तिला मिळेल असं मला वाटतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, फडताळात डब्यांमागं राहील. तुला म्हणून सांगते, निकालाचं मी विसरले नव्हते. तू खानावळ काढलीस कारण अण्णा गेले आणि घर तुझ्यावर पडलं, मी शिवण धरलं कारण मशीन घरात होतं, लेकानं मिळाली ती कंपनी धरली. आवडतं म्हणून काम धरणारं आपल्या घरात हे पहिलंच माणूस. पेढे त्याचे होते. शेजारणींना मात्र जागा मिळाली असं सांगून टाकलंय, तेवढं खोटं.