काळ्या लोकरीची जपमाळ

प्रिय इलिंका,

उद्या तुझे बाबा घेवड्याचं पोतं आणि अक्रोड घेऊन मठात येतील. हे पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असेल. मोठ्या माईंनी वाचायला मागितलं तर खुशाल दे, अब्रूची फिकीर करण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही. बाबांना जेवल्याशिवाय सोडू नकोस. उपासाचे दिवस आहेत, दूध-चीज तोंडाला लावायचं नाही, म्हणून सकाळपासून त्यांचं तोंड वाकडं आहे. गावात कुणी तुझी चौकशी केली की म्हणतात, “आमच्या पोरीनं स्वर्गाचं तिकीट काढलंय, आम्ही दोघं फलाटावर!” लोक हसतात. मग घरी येऊन गोठ्यात बराच वेळ बसून राहतात.

साबिन इटलीहून आलाय. मोठी गाडी आणलीय आणि अजून लग्न केलेलं नाही. रविवारी चर्चबाहेर भेटला. म्हणाला, “काकू, ती बरी आहे ना?” एवढंच. हे तुला सांगायला नको होतं, पण आज काहीच लपवायचं नाही असं ठरवून बसलेय.

त्याला नकार दिलास ती संध्याकाळ तुला आठवते? बाबा ओरडले, “नाच, लग्न, पोरंबाळं, हे देवानंच दिलंय ना? त्याला पाठ दाखवून त्यालाच भेटायला निघालीस?” तू शांतपणे म्हणालीस, “बाबा, हे सगळं गोडच आहे, पण संपणारं आहे. मला न संपणारं हवंय.” लाल बूट घालून जत्रेत सगळ्यांना दमवणारी माझी पोर हे बोलत होती. मी डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून रडले आणि शेजारपाजारच्या बायकांनी माझी समजूत घातली. पण खरं सांगू? रडता रडता आतून मी सुटले होते. त्या सुटकेची लाज मला गेली तीन वर्षं झोपू देत नाही.

तू अकरा महिन्यांची होतीस. तुझ्याआधीची दोन बाळं मी पुरली होती. त्या जानेवारीत तुला डांग्या खोकला झाला, ओठ निळे पडायचे, आणि कुंपण बुडेल एवढा बर्फ, शहरातून डॉक्टर कसा येणार? आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते तुला ठाऊक आहे. जिची मुलं जगली आहेत अशा बाईला आजारी मूल खिडकीतून विकायचं, म्हणजे मृत्यूला त्याचा पत्ता लागत नाही. पण शेजारच्या झाम्फिराच्या घरीही तोच खोकला होता. तेवढ्यात मठासाठी पीठ मागत एक म्हाताऱ्या माई दाराशी आल्या. मी खिडकी उघडली आणि तुला बाहेर धरलं. त्या म्हणाल्या, “अगं, मी संन्यासिनी, मला कुठली मुलं?” मी म्हटलं, “म्हणूनच घ्या. तुमच्याकडे मूल शोधायला कोण येणार?” त्यांच्याजवळ नाणं नव्हतं. मनगटावरची काळ्या लोकरीची जपमाळ काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, तुला घेतलं, घराला वळसा घालून दारातून आत आल्या आणि तुला पाळण्यात ठेवलं. हसून म्हणाल्या, “ही आता माझी बरं का. मोठी झाली की न्यायला येईन.” तिसऱ्या दिवशी तू दूध प्यायलीस.

त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. वारल्याचं कळलं तरी माझी भीती गेली नाही. जपमाळ मी ट्रंकेत, लग्नाच्या झग्याखाली, अगदी तळाशी ठेवून दिली.

आणि नवव्या वर्षी ती तुला सापडली. तू विचारलंस, “आई, ही कुणी ठेवली?” मी म्हटलं, “मला काय ठाऊक!” तू म्हणालीस, “मग देवानंच ठेवली असणार.” मी पीठ मळत राहिले. त्या दिवसापासून ती तुझ्या उशाखाली गेली. परवाच्या पत्रातही लिहिलंयस, की कधी मन डळमळलं तर ती माळ हातात धरतेस, कारण बोलावणं तिकडूनच आलं होतं. पोरी, ती माळ मी ठेवली होती. हे लपवलं, कारण मला वाटलं, तू गेलीस तर दिलेला शब्द पुरा होईल, आणि माई झालेल्या मुलीची आई म्हणून मलाही वर, देवाजवळ जागा मिळेल. तुझ्या तारुण्यावर मी स्वतःचा स्वर्ग मिळवायला निघाले होते. काल बाबांना सगळं सांगितलं. ते दौत माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “लिही. पोरगी माझीही आहे.”

तूच लिहिलंयस, दीक्षेच्या वेळी केस कापायची कात्री तीनदा खाली टाकतात आणि तिन्ही वेळा ती आपणच उचलून द्यायची असते, कुणी भाग पाडलेलं नाही हे कळावं म्हणून. म्हणून हे पत्र, शनिवारच्या तुझ्या दीक्षेच्या आत. माळेशिवायही बोलावणं ऐकू येत असेल तर कात्री उचल. मी तुझ्या हाताचं चुंबन घेईन, तुला माई म्हणेन आणि पुन्हा कधी साबिनचं नाव काढणार नाही. ऐकू येत नसेल तर राहू दे पडलेली. मी मागे, दाराशीच उभी असेन, तुझा निळा कोट हातावर घेऊन. मी तुला देवापासून ओढून नेतेय की नाही, ते मला कळत नाही आणि त्याची फार भीती वाटते. पण त्या दिवशी खिडकीतून तुला मी दिलं होतं. शनिवारी स्वतःला द्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझीच,
आई