मयूरबनात मी मरणार होते

मी, श्रीमती मनकर्णाबाई ईश्वरदास कापगते, वय ६८ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, आज राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, मनाने स्वस्थ असताना हे मृत्युपत्र करून ठेवते. मी सांगते आहे आणि माझा धाकटा मुलगा राहुल लॅपटॉपवर लिहितो आहे. मी बोलेन ते सगळे लिहायचे, मधले काही खायचे नाही, अशी त्याला ताकीद आहे. टेकचंद गुरुजींनी दिलेल्या नमुन्यात "शरीराने व मनाने स्वस्थ" असे होते. राहुलने "शरीराने" हा शब्द गाळला. मी चष्म्यातून पाहिले आणि गप्प बसले. त्या शब्दाकडे मला शेवटी यायचे आहे.

मला तीन अपत्ये. थोरला योगराज नागपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची पत्नी नीतू आणि मुलगा मोनू, वय आठ. मधली राखी आमच्याच जिल्ह्यात गोरेगावला दिली. धाकटा राहुल बंगलोरच्या कंपनीत आहे, त्याचे लग्न व्हायचे आहे. मृत्युपत्र करून ठेव, हा आग्रह योगराजचा. माझे फार दिवस उरले नाहीत असे तो धरून चालला आहे.

१. सौंदडचे राहते घर, अंगण व विहिरीसह, तिघांना सारखे द्यावे. राखीने हक्क सोडून द्यावा असे जो कोणी सुचवेल, त्याला या घरात चहासुद्धा देऊ नये.

२. तलावाखालची धानाची बांधी योगराज आणि राहुल यांना, पाण्याच्या पाळीसह. माझे पती गावचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला कधी पाणी सोडायचे ते हेच ठरवायचे आणि आपली बांधी कायम शेवटी ठेवायचे. त्यावरून मी आयुष्यभर ह्यांच्याशी भांडले. तरी पाळी आहे तशीच ठेवावी, शेवटची.

३. ह्यांचे फावडे योगराजला. नागपूरच्या हॉलमध्ये शोभेला टांगू नये. वर्षातून एकदा तरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन माती टाकावी.

४. माझे सोन्याचे डोरले राखीला. शिलाई मशीन नीतूला, कारण ती एकटीच तिला वेळेवर तेल घालते. मोठी लोखंडी कढई सध्या शेजारच्या मंदाबाईकडे आहे. ती तिलाच द्यायची होती, पण मंदाबाई या कागदाची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे गुरुजी म्हणतात. तरी तिने कढई परत आणावी.

५. आता मयूरबन. याची वाटणी करता येत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी लेकी, जावई, बाहेरगावची पोरे, सगळे घरी येतात. पोरे लहान असताना मंडईच्या दुसऱ्या दिवशी हे आम्हाला नागपूरच्या पुढे मयूरबन वॉटर पार्कला न्यायचे. वर्षभर पोरे त्याच एका दिवसाच्या गोष्टी सांगत. आम्ही कोहळी, आमच्या वाडवडिलांनी तलाव बांधले. पाणी दिसले की ह्यांचे डोळे पाळ शोधायचे. लाटांच्या हौदाच्या काठावर धोतर सावरून बसायचे आणि तिथल्या माणसाला विचारायचे, जास्तीचे पाणी कुठून काढता म्हणून. पोरे लाजेने दूर पळायची. मी मात्र जहाजाच्या पाळण्यात बसायचे आणि पोट दुखेपर्यंत हसायचे.

हे जाऊन चार वर्षे झाली. गेल्या मंडईला मी सगळ्यांच्या अंदाजाने वडे तळले, मटणाचा रस्सा केला. योगराजची ड्युटी निघाली, राखीच्या सासूचा गुडघा निघाला, राहुलला रजा नव्हती. रस्सा मंदाबाईच्या घरी गेला, कढईसकट.

त्यानंतर नाताळात मात्र सगळे आले. योगराजने मयूरबनच्या रिसॉर्टमध्ये मुक्कामाच्या खोल्या घेतल्या. गेटवरच त्याने माझ्यासाठी चाकांची खुर्ची मागवली. मी डोक्यावर धानाचा भारा वाहणारी बाई, आणि खुर्चीत! पाळण्याकडे बोट दाखवले तर राखीने शाल घट्ट केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आली. सगळ्यांच्या ताटात तळलेले मासे, माझ्यापुढे नीतूने खास सांगून करवलेली बिनमिठाची खिचडी. बिचारी स्वतः भरवायला बसली. राहुल नुसते फोटो काढत होता. मी हसले की काढायचा, न हसले की काढायचा. कोणी पाण्यात पाय घातला नाही. घरी कोणी वारले की बसतात तसे आम्ही लाटांच्या हौदापाशी बसलो होतो.

मोनूला आवाज करू नको असे बजावले होते. कमरेला हवेची ट्यूब अडकवून तो सकाळपासून कोरडा बसला होता. दुपारी तो माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "आजी, तू आज मरणार आहेस काय? आज नाही मरणार असशील तर मी पाण्यात जाऊ?"

मी जा म्हणाले. नीतूने हौदाच्या पायरीवरून त्याला ओढून आणले आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. ट्यूब काढून त्याने खुर्चीच्या मागे लपवून ठेवली. ते दिसले तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

६. या कागदाला डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. परवा तो घ्यायला मी सडक अर्जुनीला एकटीच गेले, राहुलला दवाखान्याबाहेर थांबवले. दाखल्याचे पाकीट अजून बंद आहे. राहुल, आता उघड आणि त्यात आहे तेच इथे लिही.

"रुग्णास कोणताही गंभीर आजार नाही. प्रकृती उत्तम."

मंडईच्या आधी डॉक्टरांनी मला तिखट कमी करा एवढेच सांगितले होते. मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी योगराजला फोन केला आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणते आता माझं काही खरं नाही. एकदा सगळे मयूरबनला जाऊ, मग मी मोकळी." रागाच्या भरात बोलले. तिकडे योगराज रडायला लागला. तेव्हाच सांगायला पाहिजे होते की अरे, मी चिडून बोलले. नाही सांगितले, कारण खरे सांगते, मला बरे वाटले. पुढे तो नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागला, तर मी चिरफाड नको म्हणून अडून बसले. मरणाऱ्या माणसाचा हट्ट म्हणून त्याने तोही मानला. अंगणवाडीत मी तीस वर्षे पोरांना खोटे बोलू नका असे शिकवले. मला माझीच लाज वाटते.

इथे राहुल उठून तलावाकडे गेला. पुष्कळ वेळाने परत आला तेव्हा म्हणाला, "काऊन केलं असं, आई? मी रोज रात्री उठून पाहून राहिलो होतो, तुझा श्वास चालू आहे का म्हणून."

मला ते माहीत होते. तो उठायचा तेव्हा मी जागी असायचे. डोळे मिटून पडून राहायचे, आणि पोरगा जवळ आहे याचे सुख घ्यायचे. तो नाताळापासून परत गेला नाही, घरूनच काम करतो. सकाळी माझा चहा करतो, संध्याकाळी मला तलावाच्या पाळीवर फिरायला नेतो. कंपनीने त्याला एक तारखेला हजर हो नाही तर नोकरी सोड असे कळवले आहे आणि काल त्याने राजीनामा लिहून ठेवला. तो पाठवायच्या आधी हे सांगणे भाग होते. त्याने तो लिहिला नसता तर मी आणखी किती दिवस गप्प राहिले असते, ते मला सांगता येत नाही. हे सगळे तो आता माझ्यासमोर लिहितो आहे, आणि माझ्याकडे बघत नाही.

७. राहुलने राजीनामा पाठवू नये. एक तारखेला बंगलोरला हजर व्हावे. माझ्यासाठी मंडईला आला तर आनंद आहे, नाही आला तर मी रस्सा कमी करीन.

८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे येत्या गुढीपाडव्याला वाचावे. योगराज, नीतू, राखी यांना बोलावून घ्यावे, टेकचंद गुरुजींनी वाचावे, आणि मी समोर बसलेली असेन. ज्याला जे बोलायचे ते त्याने माझ्या तोंडावर बोलावे. मी खोकणार नाही की छातीला हात लावणार नाही. योगराज माझ्याशी बोलला नाही तरी माझी तक्रार नाही, फावडे त्यालाच द्यावे.

९. उन्हाळ्यात मी मोनूला मयूरबनला घेऊन जाईन. दिवसभर तो पाण्यातून बाहेर निघाला नाही तरी त्याला कोणी हटकू नये. ज्यांना यायचे त्यांनी यावे. खुर्ची आणू नये.

दुरुस्ती: वर पहिल्याच वाक्यात "शरीराने" हा शब्द घाल, असे मी राहुलला सांगितले. त्याने ऐकले नाही. म्हणाला, "वर नाही घालत. घातला तर तो नव्हता हे कोणाले कळणार नाही." त्याचे बरोबर आहे. म्हणून इथे खाली लिहिते. "मनाने स्वस्थ" याऐवजी "शरीराने व मनाने स्वस्थ" असे वाचावे. हा बदल मला मान्य आहे, म्हणून त्यासमोर वेगळी सही करते.

सही: मनकर्णाबाई ईश्वरदास कापगते

मृत्युपत्र करून देणार: मनकर्णाबाई ईश्वरदास कापगते

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. टेकचंद लंजे, निवृत्त शिक्षक, सौंदड
२. मंदाबाई शिवणकर, सौंदड (येताना कढई आणली आहे)

लिहिणार: राहुल ईश्वरदास कापगते. आईने सांगितले तसे लिहिले. राजीनामा पाठवला नाही. पाडव्यापर्यंत मी इथेच आहे, दादा आला की आईच्या बाजूला बसेन.

ठिकाण: सौंदड
दिनांक: २३ मार्च २०२५